डॉक्टर होण्याआधीची सुट्टी

अमेरिकेतील शाळांना जूनच्या सुमारास लागलेली सुट्टी सप्टेंबरच्या तोंडापर्यंत चालते. या दोन-अडीच महिन्यांत तिथली कितीतरी इस्पितळे, वैद्यकीय महाविद्यालये आणि प्रयोगशाळा हायस्कूलच्या मुलांसाठी शिबिरे भरवतात. पंधरा-सोळा वर्षांची मुले रक्तदाब मोजायला शिकतात, परिचारिकांबरोबर वॉर्डात फिरतात, सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहतात, आणि शेवटच्या दिवशी पांढरा कोट घालून सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. आरोग्यक्षेत्रातील व्यवसायांची ओळख व्हावी आणि मुलांनी तिकडे वळावे, एवढाच बहुतेक शिबिरांचा हेतू असतो.

मात्र या शिबिरांचा इतिहास पाहू लागलो की एक प्रश्न सतत समोर येतो. मुलाला डॉक्टर व्हावेसे वाटणे आणि त्याला डॉक्टर होता येणे, यांच्यामध्ये नेमके काय असते? या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका लहान विद्यापीठाने शोधले, असे माझे मत आहे. त्याची हकीगत सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज गावच्या हायस्कूलमधील मुलींनी नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून इस्पितळात मदतीला जायला सुरुवात केली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचे गणवेश त्यांनी स्वतः शिवले. पट्टेदार गोळ्यांसारखे दिसणारे ते गणवेश पाहून त्यांना ‘कँडी स्ट्रायपर’ हे नाव पडले आणि पुढे देशभर ते रूढ झाले. रुग्णांना पाणी देणे, फुले व पत्रे पोचवणे, खाटेपाशी बसून वाचून दाखवणे ही त्यांची कामे. यातून अनेक मुली परिचर्येकडे वळल्या असतील. पण इस्पितळात काम करणे वेगळे आणि इस्पितळामागचे विज्ञान शिकणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीची व्यवस्था इथे नव्हती.

ती दुसरी व्यवस्था मेन राज्यात, समुद्रकाठच्या बार हार्बर गावी होती. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांवर आनुवंशिकीचे संशोधन चालते. या प्रयोगशाळेने १९२० च्या दशकापासूनच विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात बोलवायला सुरुवात केली होती. १९५५ च्या उन्हाळ्यात तिथे डेव्हिड बाल्टिमोर नावाचा शाळकरी मुलगा आला. आधीची काही वर्षे शाळकरी म्हणूनच येऊन गेलेला हॉवर्ड टेमिन हा विशीतला तरुणही त्या वर्षी तिथे होता. पंधरा वर्षांनी, १९७० साली, या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच विकराचा शोध लावला. आरएनएवरून डीएनए बनवणारा हा विकर काही विषाणूंमध्ये असतो. १९७५ चे नोबेल पारितोषिक दोघांना रेनॅटो डल्बेको यांच्यासमवेत मिळाले. सुट्टी कारणी लागली म्हणतात ती अशी!

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि आपली मुले विज्ञानात मागे पडत आहेत, या विचाराने अमेरिका अस्वस्थ झाली. सरकारी पैसा विज्ञानशिक्षणाकडे वळला. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या साहाय्याने १९५९ पासून ठिकठिकाणी हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग निघाले. हे वर्ग उत्तम होते, पण हुशार म्हणून आधीच नजरेत भरलेल्या मुलांसाठी होते. ज्याच्या शाळेत चांगली प्रयोगशाळा आहे, ज्याच्या शिक्षकाला अशा वर्गांची माहिती आहे आणि ज्याला सुट्टीत पोटासाठी काम करावे लागत नाही, असाच मुलगा तिथवर पोचणार. न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत यांतली एकही गोष्ट गृहीत धरता येत नव्हती.

याचे मूळ बरेच जुने आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय शाळांची पाहणी करून एक अहवाल लिहिला. वैद्यकीय शिक्षण विज्ञानाच्या पायावर उभे करणारा अहवाल म्हणून त्याची थोरवी सर्व पुस्तकांत गायलेली असते, आणि ती खोटी नाही. निकृष्ट शाळा बंद झाल्या, प्रयोगशाळा आल्या, प्रवेशाच्या अटी कडक झाल्या. पण त्याच अहवालात कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय शिक्षणावर एक छोटेसे प्रकरण आहे. त्या वेळी त्यांच्यासाठी सात वैद्यकीय शाळा होत्या. वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी या दोनच टिकवाव्यात, असे फ्लेक्सनर यांनी सुचवले. कृष्णवर्णीय डॉक्टरने शल्यक्रियेपेक्षा आरोग्यरक्षणाकडे पाहावे, असेही त्यांचे म्हणणे होते. आणि त्यामागे गोऱ्यांना संसर्गापासून वाचवण्याचा विचार उघड होता. १९२३ पर्यंत उरलेल्या पाचही शाळा बंद पडल्या. न्यू ऑर्लिन्समधील फ्लिंट वैद्यकीय महाविद्यालय १९११ सालीच बंद झाले. या पाच शाळा चालू राहिल्या असत्या तर २०१९ पर्यंत त्यांतून सुमारे ३५,००० डॉक्टर बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. असे अंदाज गृहीतकांवर उभे असतात हे मान्य; तरी आकड्याचा आवाका ध्यानात येतो.

फ्लिंट बंद झाल्यावर चार वर्षांनी, १९१५ साली, त्याच शहरात फिलाडेल्फियाच्या एका धनाढ्य घराण्यातील जोगीण कॅथरीन ड्रेक्सेल यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी एक हायस्कूल काढले. १९२५ मध्ये त्याचे महाविद्यालय झाले आणि १९२७ मध्ये औषधनिर्माणशास्त्राची शाखा आली. हेच झेवियर विद्यापीठ. (ड्रेक्सेल हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याचा वारसा पुढे बऱ्याच स्थित्यंतरांनंतर ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला. आणि ते विद्यापीठ स्थापणारे अँथनी ड्रेक्सेल हे कॅथरीन यांचे सख्खे काका.)

नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या प्राथमिक शाळांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय मुलींनी पाऊल टाकले. त्यांपैकी सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसला सरकारी संरक्षकांच्या कड्यातून वर्गात न्यावे लागले होते. १९७० च्या दशकात झेवियरच्या दारात येणारी मुले ही त्याच काळात जन्मलेली किंवा शाळेत जाऊ लागलेली. कायद्याने शाळा एक झाल्या होत्या, पण बरीच गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत गेली आणि शहरातील शाळा गरीब राहिल्या. डॉक्टर व्हायचे म्हणून ही मुले झेवियरमध्ये विज्ञानशाखेला नाव घालत आणि पहिल्याच वर्षी रसायनशास्त्रात अडखळत.

जे. डब्ल्यू. कार्मायकेल हे तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शनही त्यांच्याकडेच होते. ते आणि जीवशास्त्र, भौतिकी व गणिताचे त्यांचे सहकारी एकत्र बसले. आपल्या मुलांना डॉक्टर व्हायची इच्छा कमी आहे का? तसे मुळीच दिसत नव्हते. कष्टाची तयारी नाही का? तीही होती. मग पांढरा कोट दाखवून आणि थोर डॉक्टरांची व्याख्याने ठेवून काय साधणार? अडचण दुसरीकडे होती. नवीन परिस्थितीतला प्रश्न समोर आला की तो पायरीपायरीने कसा सोडवायचा, याची सवय या मुलांना कुणी लावलेलीच नव्हती.

इथे पियाजे मदतीला आला. बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी तो वाचलेला असतो. परीक्षेपुरता, आणि बहुधा लहान मुलांच्या संदर्भात. मूर्त क्रियात्मक अवस्था संपून अकरा-बारा वर्षांच्या पुढे औपचारिक क्रियात्मक अवस्था सुरू होते, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो. ती आपोआप येते, असे समजून पुढचे सगळे विज्ञान शिकवले जाते. पण १९७० च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यापैकी बरेच जण या पायरीवर पक्के उभे नाहीत, असे आढळले. हे केवळ कृष्णवर्णीय मुलांपुरते नव्हते.

पियाजे व इन्हेल्डर यांनी वापरलेली लंबकाची कृती घ्या. दोरी, लहानमोठी वजने आणि टांगायला एक खिळा. लंबकाचा एक झोका किती वेळ घेतो, हे कशावर अवलंबून आहे? दोरीच्या लांबीवर, वजनावर, की किती दूर नेऊन सोडला यावर? मूल लांब दोरीला जड वजन बांधते, मग आखूड दोरीला हलके, आणि वजनामुळे फरक पडला असे ठामपणे सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे त्याला सुचत नाही. पाठ्यपुस्तकातले सूत्र त्याला तोंडपाठ असू शकते, तरीही सुचत नाही! माझ्या प्रयोगशाळेत पदव्युत्तर पदवी घेऊन येणाऱ्यांतही असे विद्यार्थी भेटतात. दोन रसायने व तापमान एकदम बदलतात आणि निकाल कशाने बदलला म्हणून मला विचारतात. ताप आलेल्या रुग्णाचे एकाच दिवशी तीन औषधे बदलणाऱ्या डॉक्टरपुढे हाच पेच उभा राहतो.

झेवियरच्या मंडळींनी १९७७ च्या उन्हाळ्यात हायस्कूलच्या शेवटाला आलेल्या मुलांसाठी एक वर्ग सुरू केला. विश्लेषक विचारावर भर, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘सोअर’ म्हणत. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ उंच भरारी घेणे. वर्गात शरीरशास्त्राचा किंवा रोगांचा अभ्यासक्रम नव्हता. प्रयोग होते, पण ते विचाराच्या पाच सवयींभोवती गुंफलेले: एका वेळी एकच घटक बदलणे, प्रमाण ओळखणे, शक्य तेवढ्या सर्व जुळण्या न चुकता मांडणे, संभाव्यता अजमावणे आणि दोन गोष्टींमधला सहसंबंध पारखणे. मुलांच्या हाती कृतींची यादी दिली जात नसे. प्रश्न दिला जाई. काय मोजायचे आणि कोणत्या क्रमाने, हे मुलांच्या गटाने ठरवायचे. गटाला सोबत झेवियरचेच थोडे वरच्या वर्गातले विद्यार्थी असत. कालपरवापर्यंत आपल्यासारखेच अडखळणारे आणि आता वैद्यकीय प्रवेशाच्या उंबरठ्यावर असलेले हे ताई-दादा मुलांना प्राध्यापकांपेक्षा जवळचे वाटत.

दुसरा भाग मला शिक्षकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. आर्थर व्हिम्बी या मानसशास्त्रज्ञाने एक साधी पद्धत पुढे आणली होती. मुलांच्या जोड्या करायच्या. एकाने उदाहरण सोडवायचे, पण मनात नाही, मोठ्याने बोलत. दुसऱ्याने उत्तर सांगायचे नाही. ऐकायचे, पायरी गाळली की थांबवायचे, ‘हे तू कशावरून म्हणालास?’ एवढेच विचारायचे. पुढच्या उदाहरणाला भूमिका बदलायच्या.

समजा, उदाहरण असे आहे. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध आहे. मुलाला २०० मिलिग्रॅम द्यायचे आहे, तर सिरप किती द्यावे? (हे मी रचलेले आहे, सोअरमधले नव्हे.) घाईतला मुलगा म्हणतो, ‘१२५ ला ५, म्हणजे ७५ वाढले, तर... दहा देऊ.’ लिहून घेतले असते तर फक्त चुकीचे उत्तर दिसले असते आणि त्यावर लाल फुली पडली असती. बोलून घेतल्यामुळे चूक कुठे जन्मली ते दिसते: त्याने भागाकाराऐवजी वजाबाकीने सुरुवात केली आणि ती पुढे नेता येईना तेव्हा अंदाज ठोकला. जोडीदार विचारतो, ‘एका मिलिलिटरमध्ये किती?’ १२५ भागिले ५, म्हणजे २५ मिलिग्रॅम; मग २०० साठी ८ मिलिलिटर. व्हिम्बीचे म्हणणे असे की, ज्यांना आपण मंद म्हणतो ती मुले बहुधा चुकीचा विचार करत नसतात, अर्ध्यावर सोडलेला विचार करत असतात. नेमकेपणाची सवय लावता येते, आणि ती लावायला दुसऱ्याचे कान लागतात.

याच्या जोडीला शब्दसंग्रह आणि वाचन होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतले लांबलचक उतारे समजलेच नाहीत तर विज्ञान येऊन उपयोग काय, हा त्यामागचा रोखठोक हिशोब. गटागटांत प्रश्नमंजूषेच्या चुरशी लागत. १९८० साली ‘अमेरिकन बायॉलॉजी टीचर’ या शिक्षकांच्या नियतकालिकात कार्मायकेल आणि सहकाऱ्यांनी या वर्गाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

पुढे लक्षात आले की हायस्कूलच्या शेवटी सुरुवात करणे म्हणजे उशीर. म्हणून शिडीच्या पायऱ्या खाली जोडल्या. येत्या वर्षी शाळेत जो विषय यायचा, त्याची उन्हाळ्यातच पूर्वतयारी: बीजगणितासाठी ‘मॅथस्टार’, जीवशास्त्रासाठी ‘बायोस्टार’, रसायनशास्त्रासाठी ‘केमस्टार’ आणि मग ‘सोअर’. शाळेत विषय सुरू झाला की ही मुले वर्गात पुढे असत, हात वर करत. वर्गात एकदा हात वर झाला की पुढे काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको.

झेवियरमध्ये दाखल झाल्यावरही हात सोडला जात नसे. पहिल्या वर्षाच्या रसायन व जीवशास्त्राच्या सर्व तुकड्यांना एकच आखणी आणि विभागाने तयार केलेल्या कार्यपुस्तिका असत. प्राध्यापकाला आपल्या मर्जीने शिकवण्याचे स्वातंत्र्य यामुळे थोडे कमी झाले आणि ते सगळ्यांना रुचले असेल असे वाटत नाही. फळ मात्र दिसले. सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांचे हे विद्यापीठ १९९० च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय महाविद्यालयांत पाठवण्यात देशात पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढे बरीच वर्षे तिथेच राहिले. हार्वर्डसारखी गडगंज विद्यापीठे मागे पडली.

याच सुमारास दुसऱ्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लॉरेन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन विद्यार्थ्यांनी गरीब घरांतील हायस्कूलच्या मुलांसाठी निवासी उन्हाळी वर्ग सुरू केला. पहिला वर्ग १९८८ मध्ये भरला. दर वर्षी जेमतेम दोन डझन मुले, पाच आठवडे. मृतदेहावर प्रत्यक्ष शरीररचना शिकणे, इस्पितळात काम, एक संशोधन प्रकल्प आणि महाविद्यालयाचे अर्ज कसे भरायचे याचे मार्गदर्शन. मॅरिलिन विंकल्बी या साथरोगशास्त्रज्ञ बाईंनी या मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. पहिल्या अठरा वर्षांतील ४०५ मुलांपैकी जवळजवळ सगळी महाविद्यालयात गेली आणि त्यांतील सुमारे ८० टक्क्यांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली.

आकडा झगमगीत आहे. पण संशोधकाला इथे थांबून चालत नाही. ज्या मुलाने उन्हाळ्याचे पाच आठवडे अभ्यासात घालवण्यासाठी स्वतः अर्ज केला आणि जो अनेक अर्जदारांतून निवडला गेला, तो शिबिराशिवायही पुढे गेलाच नसता कशावरून? नवे औषध दिलेले रुग्ण बरे झाले, एवढ्यावर औषधाला गुण आला असे आपण म्हणत नाही. औषध न दिलेले तसेच रुग्ण शेजारी ठेवून पाहतो. शिक्षणातील उपक्रमांना ही कसोटी फार क्वचित लावली जाते. विंकल्बी यांच्या गटाने ती लावायचे ठरवले. ज्यांनी अर्ज केला पण निवड झाली नाही अशा मुलांमधून जुळती मुले घेऊन दोन्ही गटांची दर वर्षी विचारपूस करणारा अभ्यास त्यांनी आखला आणि त्याची पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. पंचवीस वर्षे नावाजलेल्या आपल्याच कामाला असा प्रश्न विचारायला हिंमत लागते.

मोठ्या पटावर पाहिले तर चित्र खिन्न करणारे आहे. १९९१ साली अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघाने घोषणा केली की, २००० सालापर्यंत अल्पप्रतिनिधित्व असलेल्या समाजांतील ३,००० विद्यार्थी दर वर्षी वैद्यकीय शिक्षणात दाखल व्हावेत. हायस्कुले, महाविद्यालये आणि वैद्यकीय शाळा यांनी हातात हात घालून मुले घडवावीत, ही त्यामागची योजना. दशकाच्या मध्यास आकडा २,००० च्या पुढे सरकला. मग १९९६ साली कॅलिफोर्नियात लोकमताने आणि टेक्सास, लुइझियाना व मिसिसिपीत न्यायालयाच्या निर्णयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आली आणि आकडा घसरला. लक्ष्य हुकले. १९७८ साली १,४१० कृष्णवर्णीय तरुणांनी (म्हणजे पुरुषांनी) वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज केले होते. २०१४ साली १,३३७. मधल्या छत्तीस वर्षांत किती शिबिरे झाली असतील आणि किती पांढऱ्या कोटांतले फोटो निघाले असतील! कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या या काळात चांगली वाढली, म्हणून एकूण बेरजेत ही घट दडून गेली होती; याच संघाने २०१५ च्या अहवालात ती उघड्यावर आणली.

शिबिर वर्षातून चार-पाच आठवड्यांचे असते आणि शाळा उरलेल्या वेळेची. झेवियरने शाळेच्या अभ्यासक्रमालाच जोडून शिडी बांधली, ती बारावीनंतर चार वर्षे धरून ठेवली आणि तिथले मोजके प्राध्यापक दशकानुदशके त्याच कामात राहिले. यांपैकी कोणतीही गोष्ट देणगीच्या रकमेने एका वर्षात विकत मिळत नाही. बहुतेक शिबिरांचे अनुदान मात्र तीन-चार वर्षांचे असते.

२०२४ साली झेवियर विद्यापीठाने न्यू ऑर्लिन्समधीलच ऑक्सनर या रुग्णालय-समूहाशी स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय उभारण्याचा करार केला. फ्लिंट वैद्यकीय महाविद्यालयाला कुलूप लागून तेव्हा ११३ वर्षे झाली होती.